कपाटात अडकलेली 'मोकळी'

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी कपाटाची मूठ धाकट्या साडूच्या हातात आली. नुसती मूठ. दार जागच्या जागी होतं, कुलूप जागच्या जागी होतं, आणि दाराच्या आत, हिवाळी कोट आणि रजया यांच्या मधोमध, कानाला हेडफोन लावलेली गायिकाही जागच्या जागी होती.

"काय पडलं?" थोरल्या साडूंनी कॉम्प्युटरवरची नजर न हलवता विचारलं.

"काही नाही," धाकटा म्हणाला आणि त्याने मूठ खिशात टाकली.

थोरल्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. एरवी साडू म्हणजे सासरी गेल्यावर एकमेकांच्या ताटावर नजर ठेवून बसणारे दोन गृहस्थ. पण एकदा जेवणाच्या टेबलावर सासरे लाकूड मुरण्याचं महत्त्व समजावून सांगत असताना या दोघांच्या लक्षात आलं, की आपण टेबलाखाली पायाने एकच ठेका धरलाय. नजरानजर झाली. त्या दिवसापासून थोरल्यांच्या घराच्या मागच्या खोलीत दोन कीबोर्ड, ठेका वाजवायच्या बटणांचा एक डबा आणि वायरींचं एक जंगल वाढत गेलं. थोरल्यांच्या बायकोने त्या खोलीत झाडू मारणं सोडून दिलं. जोडीचं नाव ठेवलं 'साडू साउंड'. ठेका धाकट्याचा, सूर थोरल्यांचे. अडचण एकच होती: दोघांपैकी एकालाही गाता येत नव्हतं. थोरले गायले की बायको खिडक्या लावून घ्यायची, आणि धाकटा गायला की शेजारी लावून घ्यायचे.

गायिका मिळाली ती फोनवर. धाकट्याचं वॉशिंग मशीन बिघडलं म्हणून त्याने कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला, तर पलीकडून असा काही आवाज आला, की तो तक्रारच विसरला. "कृपया प्रतीक्षा करा, आपला वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे." तो चाळीस मिनिटं प्रतीक्षा करत बसला. एकेचाळिसाव्या मिनिटाला त्याने विचारलं, "ताई, तुम्ही गाता का?" ती म्हणाली, "आपल्या चौकशीबद्दल धन्यवाद. होय."

आवाज मधासारखा होता, सूर पक्के होते, ताल चोख होता. पण नऊ वर्षं तक्रारी ऐकून ऐकून बाईंचा राग कुठे गेला होता कोण जाणे. त्यांनी केलेलं गाणं होतं 'मोकळी'. नाचायचं, उड्या मारायचं, घामाघूम व्हायचं गाणं. "सोड मला, सोड मला, आता मी मोकळी!" ही ओळ कशी बंदुकीतून सुटल्यासारखी यायला हवी. बाई ती अशा काही म्हणायच्या, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपली तक्रार नोंदवली गेली आहे आणि लवकरच आपल्याशी संपर्क साधला जाईल.

आणि आज तर शेवटचा दिवस. शहरातल्या रेडिओवर दर शनिवारी दुपारी एक वाजता नव्या कलाकारांचं एक गाणं लागायचं. आठ महिन्यांनी साडू साउंडची पाळी आली होती. गाणं बाराच्या आत पोचलं नाही तर पाळी दुसऱ्याला, आणि पुढची पाळी येईपर्यंत चष्मेवाल्यालाच मोतीबिंदू झाला असता.

गाणं कपाटात का, तर खोलीत आवाज घुमायचा. थोरल्यांच्या सासऱ्यांनी, म्हणजे दोघांच्याही सासऱ्यांनी, थोरल्या लेकीच्या लग्नात स्वतःच्या हाताने करून दिलेलं ते कपाट. म्हातारा हाडाचा सुतार. माणूस आत आरामात उभा राहील एवढं खोल, आणि दार इतकं जाड, की आतला आवाज माइकच्या वायरीवाटेच बाहेर येणार. ती वायर आत जाण्यासाठी धाकट्याने कपाटाच्या तळाशी बोटाएवढं भोक पाडलं होतं. सासरे कधीही टपकतील म्हणून त्या भोकापुढे कायम कुंडी ठेवलेली असायची. गेले आठ महिने त्या कुंडीतलं झाड सूर्य न बघता जगत होतं.

टेबलावरच्या दोन मोठ्या स्पीकरमधून बाईंचा आवाज आला.

"दादा, पाणी पिण्यासाठी बाहेर यावं म्हणते. दार उघडत नाहीये का?"

धाकट्याने टेबलावरच्या माइकचं बटण दाबलं. "उघडतंय, ताई, उघडतंय!"

"ठीक आहे. अंदाजे किती वेळ लागेल, हे कळू शकेल का?"

धाकटा गडबडला. हा प्रश्न त्याने स्वतः त्यांना वॉशिंग मशीनच्या वेळी विचारला होता. त्यांनी जे उत्तर दिलं होतं, तेच त्याने दिलं.

"लवकरच."

आता थोरले खुर्चीतून उठले. धाकट्याने खिशातली मूठ काढून दाखवली. थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मूठ होती तशीच दिसली.

"भाऊ, टेन्शन घेऊ नका," धाकटा म्हणाला. "हे माझं रोजचं काम आहे. आठवड्याला चार माणसं सोडवतो मी लिफ्टमधून. मागच्या महिन्यात एक दातांचा डॉक्टर आणि त्याचा पेशंट, दोघं एकदम काढले. पेशंटला तर आतच बरं वाटत होतं."

"मग काढ."

"लिफ्ट वरून उघडते."

तो खुर्चीवर चढला. कपाटाच्या वर हवेसाठी बोटभर रुंदीची जाळी, बाकी सगळं बंद. तो खाली उतरला. "बिजागऱ्या खोलू." बिजागऱ्या बाहेरून दिसतच नव्हत्या. बाहेरून बिजागरी दिसणं म्हणजे उलटा सदरा घालून फिरणं, असं सासऱ्यांचं मत होतं. मग धाकट्याने मुठीच्या जागी जी चौकोनी दांडी दिसत होती, ती स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा प्रयत्न केला. दांडी फिरली नाही. आत गेली. स्पीकरमधून 'टण्' असा सुरेख आवाज आला.

"दादा," बाई म्हणाल्या, "आत एक लोखंडी दांडी आली आहे. ती आपली आहे का?"

"हो ताई. ती जरा परत द्या."

"जरूर. कुठून?"

दोघे खाली बघायला लागले. बाहेर येण्यासारखी वाट एकच होती, भोकाची, आणि त्यात वायर होती. धाकटा वाकून वायरीला हात घालणार तोच थोरले अंगावर धावून आले. "खबरदार! वायर काढलीस तर सगळं पुन्हा जुळवायला तास जाईल. पावणेअकरा झालेत!"

"मग ताईंना आत ठेवायचं?"

"आत ठेवायचं असं कोण म्हणतंय?" थोरल्यांनी आवाज उतरवला. "उपाय सुचेपर्यंत एक टेक घेऊ. नाहीतरी त्या आत आहेतच."

हे बाईंना कळवण्यात आलं.

"म्हणजे मला कोंडून ठेवून आपण मला 'आता मी मोकळी' म्हणायला सांगत आहात. मला नीट समजलं आहे ना?"

"अगदी बरोबर, ताई."

"ठीक आहे."

ठेका सुरू झाला. बाई गायल्या. आणि 'सोड मला'तल्या 'सो'वर, अगदी टोकाला, मधात खडा लागावा तसं काहीतरी लागलं. थोरल्यांच्या हातावर काटा आला. गाणं संपल्यावर त्यांनी टेबलावरच्या माइकवर हात ठेवला आणि कुजबुजले, "ऐकलंस?"

"भाऊ, त्या चिडल्यात."

"चिडल्या नाहीत. गातायत! आठ महिन्यांत पहिल्यांदा गातायत!"

"मग दार लवकर उघडू, म्हणजे आणखी खूश होऊन..."

"येडा आहेस का? खूश झाल्या की पुन्हा 'प्रतीक्षा करा' सुरू होईल. दार उघडायचंच आहे. पण... सावकाश."

धाकटा मनाने चांगला माणूस. अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं नाही, हे त्याच्या पेशाच्या विरुद्ध होतं. तो काही बोलणार होता, पण थोरल्यांनी मघाचा टेक पुन्हा लावला, आणि 'सो'वरचा तो खडा आल्याबरोबर त्याचा पाय आपोआप हलायला लागला. पाय हलला तिथेच धाकट्याचं मत फिरलं.

पुढच्या अर्ध्या तासात तीन टेक झाले. प्रत्येक टेकच्या आधी थोरले बाईंना एक बातमी द्यायचे. आधी म्हणाले, कुलूपवाला निघालाय.

"निघाला आहे, की निघणार आहे?" बाईंनी विचारलं. "कारण आम्हीसुद्धा तसंच सांगतो."

मग म्हणाले, कुलूपवाला वाटेत आहे. मग म्हणाले, कुलूपवाला चुकून दुसऱ्या इमारतीत गेला. बातमीगणिक आवाज तापत गेला. चौथ्या टेकला "सोड मला" म्हणताना बाईंनी 'कृपया' घातलं नाही. त्याआधीच्या तीन टेकांमध्ये त्यांनी ते घातलं होतं, हे दोघांच्या तेव्हा लक्षात आलं.

"आता फक्त शेवटची 'मोकळी' राहिली," थोरले हात चोळत म्हणाले. "ती फुटली पाहिजे. अजून जरा..."

तेवढ्यात घराची घंटा वाजली.

दारात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या. हातात काठी, आणि चेहरा असा, की थोरल्यांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"सकाळपासून तुमच्या घरात एक बाई 'सोड मला, सोड मला' ओरडतेय," त्या म्हणाल्या. "मी एक्केचाळीस वेळा दुर्लक्ष केलं. म्हटलं, घरगुती मामला असेल. पण आता तिचा आवाज चढलाय. कोण आहे आत?"

"बाई, ते गाणं आहे," थोरले म्हणाले. "नाचाचं गाणं."

"गाणं?"

"हो. म्हणजे त्यात असं आहे, की एक मुलगी सगळी बंधनं..."

मागच्या खोलीतून, दोन मोठ्या स्पीकरमधून, स्वच्छ आवाज आला: "गाढवांनो, दार उघडा!"

मुख्याध्यापिकांनी भुवया वर केल्या. "आणि हे कितवं कडवं?"

त्या थोरल्यांना बाजूला सारून आत आल्या. कपाटाकडे बघितलं, वायरीकडे बघितलं, धाकट्याच्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं. मग काठीने कपाटावर टकटक केली. "बाळ, तू आत स्वतःच्या मर्जीने आहेस का?"

बाईंना बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. धाकट्याने तोच प्रश्न माइकवरून विचारला.

"सुरुवातीला होते," स्पीकर म्हणाला.

मुख्याध्यापिकांनी पर्समधून फोन काढला आणि अग्निशमन दलाला लावला. पत्ता शुद्धलेखनासह सांगितला. "कपाट. नाही, आग नाही. बाई आहे. हो, कपाटात बाई. नाही, दोन पुरुषांनी." शेवटचं वाक्य ऐकून थोरले भिंतीला टेकले.

अग्निशमन म्हणजे कुऱ्हाड. कुऱ्हाड म्हणजे कपाटाचा शेवट. कपाटाचा शेवट म्हणजे काय, ते थोरल्यांना शब्दांत मांडता आलं नसतं. पण त्यात बायको, सासरे आणि पुढची तीस वर्षं, एवढं सगळं आलं. त्यांनी बायकोला फोन लावला. ती सकाळपासून वडिलांच्या कारखान्यात होती.

"अगं, ऐक. कपाटाची मूठ निघालीय, आणि आत गाणाऱ्या ताई आहेत, आणि कुऱ्हाड येतेय. पण बाबांना सांगू नकोस."

"काय सांगू नकोस?" फोनमधून जाड आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

सासरे वीस मिनिटांत हजर झाले. कानाला पेन्सिल, अंगावर भुसा, मागे धापा टाकत थोरल्यांची बायको. घरात शिरल्या शिरल्या ते म्हणाले, "माझं दार अडकत नाही."

"बाबा, अडकलंय खरं," धाकटा म्हणाला.

"माझं दार," सासरे सावकाश म्हणाले, "अडकत नाही. अडकवणारे अडकवतात." त्यांनी कपाटावरून हात फिरवला, आजारी घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा. वरून खाली. मध्यावर मुठीची रिकामी जागा लागली, तिथे ते नुसते हुंकारले. मग हात आणखी खाली गेला. वायरीपाशी आला. थांबला.

थोरल्यांनी डोळ्यांनी कुंडी शोधली. ती चार हात लांब, पहिल्यांदाच उन्हात होती.

"हे काय?"

"ते... हवेसाठी," थोरले म्हणाले.

"हवेसाठी वर जाळी आहे. हे भोक कुणी पाडलं?"

दोन्ही साडूंनी एकाच वेळी एकमेकांकडे बोट केलं. ठेक्यात केलं, हे मुख्याध्यापिकांनी नंतर आवर्जून सांगितलं.

सासऱ्यांनी खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसले. "जावईबापू, या कपाटाचं लाकूड मी सहा वर्षं मुरवलं. सहा. तेव्हा तुम्ही शाळेत नापास होत होता. त्या लाकडाला भोक! आणि ते पण फाटलेलं! कुठल्या ड्रिलने पाडलंत? लिफ्टच्या?"

"बाबा, आधी दार उघडू या का?" लेक म्हणाली.

"आधी भोकाचं बोला."

"अहो, पावणेबारा झाले!" थोरले कळवळले.

"झाले असतील. भोक कुणी पाडलं?"

"मी," धाकटा म्हणाला.

"का?"

या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. धाकट्याचं कोपर मघाशीच टेबलावरच्या माइकच्या बटणावर टेकलं होतं. त्यामुळे सासऱ्यांची सगळी जाहीर उलटतपासणी बाईंच्या हेडफोनमध्ये शब्दन् शब्द पोचत होती. आणि त्याच कोपराने शेजारचं आणखी एक बटण दाबलं गेलं होतं. कॉम्प्युटरवर लाल दिवा लागला. बाईंच्या कानात 'मोकळी'चा ठेका सुरू झाला, आणि रेकॉर्डिंगही.

आधी स्पीकरमधून काहीच आलं नाही. मग ठेक्याच्या चौथ्या ठोक्यावर, बरोबर सुरात, एक आवाज आला. तो या खोलीत आधी कुणी ऐकला नव्हता. कदाचित त्या बाईंनीही नाही.

"भोक! भोक! भोकाचं नंतर बघा! आत मी आहे, मी!"

सगळ्यांनी माना स्पीकरकडे वळवल्या.

"नऊ वर्षं म्हणतेय, थांबा हो थांबा! आज मी नाही थांबणार! निघाला, निघाला, कुणीच नाही निघाला! मशीन तुमचं, पाणी तुमचं, शिव्या मला! सोड मला, सोड मला..."

नऊ वर्षांच्या धुण्याच्या यंत्रांची गळती, उशिरा गेलेले मेकॅनिक, फोन आपटणारी गिऱ्हाईकं, सगळं त्या आवाजात होतं. पण बाई मुळात पक्क्या सुराच्या. कानात ठेका चालू असल्यावर त्या रागावल्या तरी तालात रागावल्या. थोरल्यांचं तोंड उघडं पडलं. धाकट्याचा पाय हलायला लागला. मुख्याध्यापिकांची काठी जमिनीवर आपटू लागली, आणि तीही बरोबर ठोक्यावर.

त्याच क्षणी अग्निशमनचे तिघे खोलीत घुसले. पुढे पथकाचा प्रमुख, हातात कुऱ्हाड. "बाजूला व्हा!"

"माझ्या कपाटाला हात लावशील तर याद राख!" सासरे हात पसरून कपाटासमोर उभे राहिले. प्रमुखाने कुऱ्हाड वर केली, लेक किंचाळली, थोरले डोळे मिटून कुणाची तरी क्षमा मागू लागले.

"आता मी..." स्पीकर गर्जला.

आणि आतून लाथ बसली. दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात. धाड! दार सपकन उघडलं, सासरे प्रमुखाच्या कुशीत गेले, प्रमुख खुर्चीत गेला, आणि कोट, रजया, दोन मफलर आणि हेडफोन यांच्यासह बाई वाऱ्यासारख्या खोलीच्या मधोमध आल्या.

"...मोकळी-ई-ई-ई!"

शेवटचा सूर त्यांनी दोन्ही हात वर करून, माइक पाच हातांवर मागे टाकून लावला. तो आला तेव्हा खिडकीची काच वाजली. मग ठेका संपला.

बाईंनी केस मागे केले. सगळ्यांकडे बघितलं. "नमस्कार," त्या म्हणाल्या.

सासरे प्रमुखाच्या मांडीवरून उठले आणि दाराचा खालचा कोपरा तपासू लागले. "हो," ते समाधानाने म्हणाले. "चोरखिटी आहे इथे. आत पोर अडकलं तर सुटावं म्हणून ठेवलेली. जरासा पाय लावला की उघडतं."

बाईंचा आवाज परत मऊ झाला. फार मऊ. "म्हणजे पावणेदोन तासांपूर्वी मी पाय लावला असता तर..."

"उघडलं असतं. का नाही लावलात?"

"दुसऱ्याच्या कपाटाला पाय कसा लावायचा?" बाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं जावयांकडे कधीच बघितलं नव्हतं.

"आणि बाबा, तुम्ही आल्या आल्या का नाही सांगितलंत?" लेक म्हणाली.

"मी भोकाचं विचारत होतो. मला कुणी खिटीचं विचारलं का?"

तेवढ्यात थोरल्यांनी कॉम्प्युटरवरचा लाल दिवा पाहिला. त्यांनी बटण दाबलं. पहिल्या "भोक! भोक!"पासून शेवटच्या लाथेपर्यंत सगळं आत होतं. घड्याळात बाराला सात कमी होते.

"ताई," थोरले चाचरत म्हणाले, "सकाळपासून आम्ही तुम्हाला... म्हणजे कुलूपवाला कुणी नव्हताच. ते मी तुम्ही चिडावं म्हणून... चूक झाली. मोठी चूक झाली. तुम्ही म्हणाल तर हे आत्ता पुसून टाकतो."

धाकट्यानेही मान खाली घातली. आठ महिने, दोन कीबोर्ड आणि एक लपवलेली कुंडी, सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

बाई खुर्चीवर बसल्या. "लावा."

गाणं लागलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. स्वतःचाच आवाज, पण ओळख नव्याने होत असावी तशा. "शिव्या मला"ला त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. लाथेला त्या दचकल्या. शेवटच्या सुराला त्यांनी डोळे उघडले.

"ही बाई कोण आहे?" त्या म्हणाल्या. "मला आवडली. पाठवा."

"पण ताई, 'भोक भोक'..."

"राहू द्या. आणि दादा," बाई गोड हसल्या, "यानंतर मला पुन्हा खोटं सांगितलंत, तर मी तुम्हाला कपाटात घालीन आणि खिटी काढून टाकीन."

बाराला एक मिनिट कमी असताना गाणं गेलं.

एक वाजता रेडिओभोवती नऊ माणसं जमली होती. अग्निशमनच्या तिघांची जेवणाची सुट्टी होती; ते म्हणाले, ऐकूनच जातो. निवेदक म्हणाला, "आता ऐका साडू साउंडचं 'मोकळी'," आणि पहिल्या ठोक्याला धाकटा नाचायला लागला. दुसऱ्या कडव्यापर्यंत अग्निशमनवाले हेल्मेट वाजवत होते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आवाज कमी करा," आणि स्वतःच वाढवला. थोरल्यांच्या बायकोने थोरल्यांना हाताला धरून ओढलं. लग्नानंतर ते पहिल्यांदाच नाचत होते, आणि तसं ते दिसतही होतं. बाई मधोमध गरगर फिरत होत्या. फक्त सासरे खुर्चीत बसून होते, पण लाथेचा 'धाड' आवाज आला तेव्हा ते शेजारच्या अग्निशमनवाल्याला म्हणाले, "ऐकलंस? कपाट माझं."

गाणं लोकांनी डोक्यावर घेतलं. रेडिओने ते दुसऱ्या दिवशी चारदा लावलं. सोमवारी तक्रार विभागाचा मॅनेजर टेबलावर 'मोकळी'चा ठेका धरत आला. नऊ वर्षांत त्याला बाईंचं नाव माहीत झालं नव्हतं; तो त्यांना सात नंबर म्हणायचा. "सात नंबर, हे गाणं ऐकलंत? आवाजात कसा जोर आहे बघा! तुमचा गोड आहे, पण हा जोर नाही तुमच्यात."

"आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद," बाई म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी रेडिओने जोडीची मुलाखत घेतली. या आवाजाचं रहस्य काय, असं निवेदकाने विचारलं. धाकटा भाबडेपणाने म्हणाला, "रहस्य कसलं? सासऱ्यांनी केलेलं कपाट. त्यात गायिका अडकली, बस्स."

बुधवारपर्यंत सासऱ्यांच्या कारखान्यासमोर पाच गायक, दोन वाद्यवृंद आणि एक कवी उभे होते. सगळ्यांना कपाट हवं होतं. आणि सगळ्यांची अट एकच: आतून अडकलं पाहिजे.

सासऱ्यांनी पहिल्या चौघांना रंधा दाखवून हाकललं. "अडकणारं दार? मी?" पण पाचवी एक हडकुळी मुलगी होती. ती म्हणाली, "आजोबा, चांगलं दार कुणीही करतं. अडकणारं तुम्हाला जमणार नाही, असं सांगा की सरळ." म्हातारा पेटला. तीन आठवडे त्याने दुसरं कामच घेतलं नाही. दार जरा फुगवलं, चौकट जरा तिरकी लावली, बिजागरी उलटी ठोकली. मग स्वतः आत जाऊन उभा राहिला. बोट लावलं, की दार अलगद उघडायचं. हातांना वाकडं काम करता येईना. शेवटी कंटाळून त्याने ते कपाट तसंच मुलीकडे पाठवून दिलं.

दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"आजोबा, कपाट फार सुंदर झालंय. पण तक्रार आहे."

"कसली तक्रार?" सासऱ्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत हा शब्द त्यांच्या कारखान्यात कुणी उच्चारला नव्हता.

"दार उघडतं."

सासऱ्यांनी फोन ठेवला. मग त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, उरलेली कामं लिहायच्या भिंतीपाशी गेले आणि शक्य तेवढ्या बारीक अक्षरात लिहिलं: 'दार उघडते. दुरुस्त करणे.'